शीव ओलांडायला दहा रुपये पुरतात

‘शीवला काय आहे? एक हॉस्पिटल आणि बाकी ट्रॅफिक.’

हे वाक्य बाहेरच्या माणसाने म्हटलं तर मी हसून सोडून देईन. पण ते म्हणणारे बहुतेक इथेच वाढलेले असतात. शनिवारी दुपारी तेच लोक टॅक्सी बोलावतात, कलानगरच्या सिग्नलला रखडतात आणि वांद्र्याच्या एखाद्या पांढऱ्या भिंतींच्या कॅफेत पोहोचतात. तिथे साडेतीनशे रुपयांची जी कॉफी पितात ती लोअर परळला, पुण्याच्या कोरेगाव पार्कात आणि बंगळुरूच्या इंदिरानगरात तशीच्या तशी मिळते. तोच कप, दुधावर काढलेलं तेच पान, टांगलेले तेच पिवळे बल्ब, मेन्यूतली तीच इंग्रजी. आणि परत येताना म्हणतात, ‘आज काहीतरी नवीन ट्राय केलं!’

मला या ‘नवीन’ शब्दाशी भांडायचं आहे.

कॉफीला माझा विरोध नाही. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, पगार बरा आहे आणि चांगली भाजलेली कॉफी कशी लागते ते मला कळतं. माझा मुद्दा असा आहे, की ज्या पिढीला जगातल्या प्रत्येक पेयाचं नाव पाठ आहे, तिला घरापासून वीस मिनिटांवर राहणारा माणूस काय पितो हे ठाऊक नाही. आणि हे न ठाऊक असणं आपोआप घडलेलं नाही. ते आपण जपून ठेवलंय.

शीव म्हणजे वेस, हद्द. सतराव्या शतकात इंग्रजांच्या ताब्यातलं परळ बेट इथे संपायचं आणि खाडीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी सुरू व्हायची. जेरार्ड ऑन्जियर मुंबईचा गव्हर्नर असताना, १६६९ ते १६७७ या काळात, त्या हद्दीवर नजर ठेवायला टेकडीवर किल्ला बांधला गेला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, गव्हर्नर जोनाथन डंकनच्या काळात, शीव आणि कुर्ल्याच्या मध्ये रस्त्याचा बांध झाला आणि माणसं कोरड्या पायांनी ये-जा करू लागली. पण हद्द असण्याची या गावाची सवय काही गेली नाही. आजही उपनगरातून आलेली रिक्षा शीवला थांबते, दक्षिणेला पुढे जायची तिला परवानगी नाही. रेल्वेमार्गावरचा १९१२ सालचा पूल पाडून नवा बांधण्यासाठी १ ऑगस्ट २०२४ पासून बंद झाला, तेव्हा पूर्वेची माणसं पश्चिमेबद्दल आणि पश्चिमेची पूर्वेबद्दल परगावाबद्दल बोलावं तसं बोलायला लागली.

विटा-दगडांच्या हद्दीचं एक बरं असतं, ती दिसते. मला बोलायचंय ते न दिसणाऱ्या हद्दीबद्दल.

गेली दोन वर्षं मी एक साधा नियम पाळतोय. दर शनिवारी घरापासून चालत अर्ध्या तासाच्या आत असं काहीतरी प्यायचं, जे आधी प्यायलेलो नाही. किंवा अशा ठिकाणी प्यायचं, जिथे आधी कधी उभा राहिलेलो नाही. फोनवर आधी शोधायचं नाही. चव आवडली नाही तरी ग्लास संपवायचा. बस, एवढंच.

राणी लक्ष्मीबाई चौकातून दक्षिणेला चालायला लागलं की वीसेक मिनिटांत किंग्ज सर्कल येतं. तिथली फिल्टर कॉफी सगळ्यांना माहीत आहे, पण ती ज्या भुकटीची होते ती दळून देणाऱ्या माटुंग्याच्या दुकानात किती जण उभे राहिलेत? तिथे तुम्हाला विचारतात, चिकोरी किती घालू? चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. त्याने कॉफीला रंग येतो, घट्टपणा येतो आणि किंमत उतरते. कायद्याने ती मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चालते. वांद्र्याच्या कॅफेत चिकोरीचं नाव काढलं तर भेसळीसारखं तोंड करतात. माटुंग्यातल्या एका मामींच्या घरी मात्र टक्केवारीवरून सासू-सुनेत चाळीस वर्षं वाद चाललाय. कॉफीचं सूक्ष्म ज्ञान म्हणतात ते हेच नाही तर काय?

पूर्वेला, रुळांपलीकडे गुरू तेगबहादूर नगर. मूळचा हा कोळीवाड्याचा परिसर. फाळणीनंतर इथे पंजाबी आणि सिंधी निर्वासितांची छावणी पडली, बराकी उभ्या राहिल्या, आणि कोळ्यांची कोळंबी नि पंजाब्यांचं बेसन-ओवा एका कढईत आले. देशभरच्या मेन्यूंवर ‘कोळीवाडा’ नावाने मिळणारं तळण याच वस्तीत जन्मलं असं मानतात. तिथे लस्सी पिताना दुकानाच्या म्हाताऱ्या मालकांनी मला विचारलं होतं, ‘मीठ की साखर?’ आणि मी ‘मीठ’ म्हटल्यावर ‘म्हणजे तू जेवून आलायस’ असं स्वतःच ठरवून टाकलं होतं. सिंधी कॉलनीत एका वर्गमित्राच्या आजींनी उन्हाळ्यात थादल दिलं. खसखस, बदाम, मगज बिया आणि मिरी वाटून दुधात गाळतात. ‘कराचीत आमच्याकडे पाट्यावर वाटायचे, इथे मिक्सरने चव गेली,’ ही तक्रार मला त्या ग्लासाबरोबर फुकट मिळाली.

आणि पश्चिमेला धारावी. नव्वद फुटी रस्त्यावर तमिळ पाट्या आहेत, कारण इथे तमिळनाडूतून आलेली कुटुंबं चार-चार पिढ्या राहताहेत. तमिळ चर्मकामगारांनी बांधलेली इथली बडी मशीद १८८७ सालची आहे. एका छोट्या दुकानात बाटल्यांवर ‘पन्नीर सोडा’ लिहिलेलं होतं. सोबतचा मित्र म्हणाला, ‘सोड्यात पनीर? मला नको.’ दुकानदार हसला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, ‘पनीर नाय ओ. आमच्यात गुलाबपाण्याला पन्नीर म्हणतात.’ मग त्याने विचारलं, कुठून आलात? मी म्हटलं, शीववरून. तो म्हणाला, ‘मग आलात कुठून म्हणजे? दुकानाच्या बिलावर पण शीवच लिहिलंय.’

वीस रुपयांचा सोडा होता. गुलाबाचा वास, जिभेवर चरचर, थोडा जास्तच गोड. मला ठीक वाटला. पण त्या वीस रुपयांत एक तमिळ शब्द आला, माझ्या शेजारीच राहणारा एक माणूस आला, आणि त्याची हद्द माझ्या हद्दीपेक्षा मोठी आहे हेही कळलं. साडेतीनशे रुपयांत यातलं काय मिळतं?

तर हे सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मग आपण जात का नाही? लोक तीन कारणं देतात. रेटिंग दिसत नाही. स्वच्छता नसते. आणि तिसरं दबक्या आवाजात: ‘क्राउड कसा आहे माहीत नाही.’ एकेक घेऊ.

रेटिंगचं कारण माझ्या धंद्यातलं आहे, म्हणून ते आधी. हजार दुकानांतून तुमच्या स्क्रीनवर कोणती दहा आधी दाखवायची, हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅमपुढे एक जुना पेच असतो. समजा, जुगाराची दहा यंत्रं आहेत. एका यंत्रातून बऱ्यापैकी पैसे येताहेत असं दिसलं. आता त्याच्यावरच खेळत राहायचं, की बाकीची नऊही चाचपून बघायची? चाचपण्यात काही पैसे वाया जाणार हे नक्की. न चाचपता राहिलात, तर सगळ्यात चांगलं यंत्र कोणतं हे कधीच कळणार नाही हेही नक्की. चांगला प्रोग्रॅम थोडा तोटा सोसून चाचपत राहतो. पण व्यवसायाचं गणित बहुधा उलट्या बाजूला ओढतं, कारण ग्राहक आज नाराज झाला तर उद्या ॲप काढून टाकेल. म्हणून आधी चाललेलंच पुन्हा पुढे ढकललं जातं.

त्यात दुसरी गोची. ज्या जागेला रिव्ह्यू नाहीत ती यादीत वर येत नाही. वर येत नाही म्हणून कोणी जात नाही. कोणी जात नाही म्हणून रिव्ह्यू येत नाहीत. याला आमच्या भाषेत ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात. आणि तिसरी गोची, यादी ‘तुमच्यासारख्या’ लोकांना काय आवडलं यावरून बनते. तुमच्यासारखे म्हणजे कोण? तुमच्याएवढा खर्च करणारे, तुम्ही जाता तिथेच जाणारे. म्हणजे तुम्ही ज्या गल्लीत कधी पाऊल टाकलं नाही, त्या गल्लीत तुमच्यासारख्यांनीही टाकलेलं नाही, आणि म्हणून प्रोग्रॅमच्या हिशेबात ती गल्ली तुम्हाला आवडण्याची शक्यता शून्याजवळ. यात कोणाचा दुष्टपणा नाही. प्रोग्रॅमने तुमचीच सवय मोजली आणि तिची भिंत बांधून तुम्हाला परत दिली. मग नव्वद फुटी रस्त्यावरच्या त्या सोड्याला रेटिंग नाही, यावरून सोड्याबद्दल काही कळतं का? कळतं ते आपल्याबद्दल.

आता स्वच्छता. हा मुद्दा मी थट्टेवारी नेणार नाही. कावीळ आणि टायफॉइड खरे आहेत. बर्फाबद्दल शंका असेल तर बर्फ घालू नका म्हणून सांगा, उघडं कापून ठेवलेलं फळ टाळा. पण मग उकळत्या चहाचं काय? डोळ्यांदेखत पाच मिनिटं खळखळ उकळलेला चहा जर ‘अनहायजिनिक’ वाटत असेल, तर प्रश्न जंतूंचा नाही. आणि मुंबईत स्वच्छतेच्या भीतीने नकाशे काढायची परंपरा जुनी आहे. १८९६ साली शहरात प्लेग आला. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीवाटीच्या वस्त्या मोकळ्या करायच्या आणि उत्तरेला हवेशीर, आखीव उपनगरं वसवायची, असं काम सुरू झालं. दादर, माटुंगा, शीवचे रुंद रस्ते त्यातून आले, आणि आमच्या भागातल्या पत्त्यांत ‘स्कीम नंबर ६’ अजून लिहिलेलं दिसतं. त्याच शहराने चामड्याचं काम, कुंभारकाम, म्हणजे जे नाकाला आणि डोळ्यांना नको होतं ते, हद्दीबाहेर धारावीकडे सरकवलं. म्हणजे माझी झाडांची गल्ली आणि पलीकडची अरुंद गल्ली या एकाच शहराच्या एकाच भीतीतून जन्मल्या. एकीला हवा मिळाली, दुसरीला दुर्गंधी. आणि शंभर वर्षांनी पहिलीतला मुलगा दुसरीतल्या चहाला नाक मुरडतो.

तिसरं कारण सगळ्यात खरं आहे. क्राउड. ‘क्राउड चांगला आहे का?’ हा आपल्या पिढीचा आवडता प्रश्न. पब असो, समुद्रकिनारा असो, ट्रेक असो, आधी क्राउड विचारायचा. या प्रश्नाला किती जुनी मुळं आहेत ते बघा.

१८९० साली पुण्यात गोपाळराव जोशी यांनी पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या मान्यवरांना बोलावून आणलं. व्याख्यान झालं आणि मग चहा-बिस्किटं पुढे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी घेतला नाही. नंतर उपस्थितांची नावं छापून आली आणि पुणं पेटलं. मिशनऱ्यांच्या घरचा चहा! बहिष्काराची भाषा सुरू झाली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक हे एरवी एकमेकांचे विरोधक, पण या एका चहापायी दोघांनाही प्रायश्चित्ताच्या फेऱ्यातून जावं लागलं. शीवच्या महापालिका हॉस्पिटलला ज्या टिळकांचं नाव आहे, त्यांची ही गोष्ट. आज त्याच हॉस्पिटलच्या परिसरात रात्री-अपरात्री रुग्णांचे नातेवाईक चहाच्या किटलीभोवती उभे असतात. बीडचा शेतकरी, गोवंडीची बाई, गोरखपूरचा सुतार. आत कोणीतरी आयसीयूत असतं आणि बाहेर एकमेकांना सुटे पैसे दिले जातात. तिथे कोणी क्राउड विचारत नाही.

चहा तरी चैनीची गोष्ट. या महाराष्ट्रात पिण्यावरून झालेला सगळ्यात मोठा लढा साध्या पाण्याचा होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबत आलेली माणसं महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायली. तळं सर्वांना खुलं करण्याचा नगरपालिकेचा ठराव आधीच झालेला होता. तरी त्यांच्यावर हल्ला झाला आणि नंतर तळ्याचं ‘शुद्धीकरण’ करण्यात आलं. कोणाच्या जागी, कोणाच्या हातचं, कोणाच्या शेजारी बसून प्यायचं, हा आपल्याकडे नेहमीच चवीच्या आधी येणारा प्रश्न होता. आपण त्याचे शब्द बदललेत. सोवळं-ओवळं म्हणायला आपल्याला लाज वाटते. ‘व्हाइब’ आणि ‘क्राउड’ म्हणायला वाटत नाही.

इथपर्यंत वाचून काही ज्येष्ठ मंडळी खूश झाली असतील. ‘बघा, हा मुलगा बरोबर बोलतोय. इराण्याचा ब्रून मस्का, दादरचं पीयूष, हीच आपली खरी संस्कृती!’ माफ करा, मी तुमच्याही बाजूने नाही. तुमचं ‘जुनं’ हेही कोणाचं तरी धीट ‘नवं’ होतं. इराणहून, यझ्द आणि केरमानकडून आलेल्या झरथुष्ट्री माणसांनी इथे चहाची दुकानं काढली तेव्हा ती परक्यांची दुकानं होती. माटुंग्यात राम आश्रय १९३९ चं, कॅफे मद्रास १९४० चं, रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं. त्या काळच्या दादरच्या एखाद्या मराठी घरात ‘मद्राशाकडचं आंबवलेलं’ खाऊन आलेल्या मुलाचं काय स्वागत झालं असेल, याची कल्पना करा. आणि ज्याला आपण युगानुयुगांचा समजतो तो चहा? १९०३ साली चहावर उपकर बसवला गेला आणि त्या पैशातून पुढे भारतीयांना चहा प्यायला शिकवण्याच्या मोहिमा निघाल्या. स्टेशनांवर पाट्या लागल्या, चहा कसा करावा याच्या सूचना छापल्या गेल्या. कडक, स्वस्त चहाची सीटीसी पत्तीसुद्धा १९३० च्या दशकातल्या यंत्रातून आली. म्हणजे तुमची परंपरा ही एका पिढीची जाहिरात आणि दुसऱ्या पिढीचं धाडस यांची बेरीज आहे. ते धाडस करणारे तुमचे आजोबा होते. तुम्ही त्यांचा फोटो भिंतीवर लावलात आणि धाडस बंद केलंत.

म्हणून इराण्याकडे जाऊन भूतकाळाचे फोटो काढणारे आणि वांद्र्याला जाऊन दुधावरच्या पानाचे फोटो काढणारे मला सारखेच वाटतात. दोघांनाही आधीच ठाऊक असतं, आपल्याला काय वाटणार आहे.

आता एक आक्षेप असा, ज्याला मी मनापासून मान देतो. परळला नोकरी करणारी माझी एक मैत्रीण आहे. मी नियम सांगितल्यावर ती म्हणाली, ‘तुझी टपरी तुझ्यासाठी आहे. मी तिथे एकटी उभी राहिले तर दहा जण बघतात. मी साडेतीनशे कॉफीचे देत नाही. पन्नास कॉफीचे देते. बाकी तीनशे खुर्चीचे, संडासाचे आणि कोणी माझ्याकडे बघू नये याचे.’

हा हिशेब चोख आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉइटर?’ हे २०११ सालचं पुस्तक मुंबईवरच आहे, आणि त्यात हेच मांडलंय की बाईला शहरात विनाकारण रेंगाळता येत नाही, तिला सतत कारण दाखवावं लागतं. विकत घेतलेली कॉफी हे ते कारण. त्याच वर्षी मुंबईत ‘राइट टू पी’ नावाने बायकांच्या मोफत मुतारीसाठी मोहीम उभी राहिली. यावरून दिसतं, की महागड्या कॅफेचं यश त्याच्या कॉफीत नाही. ज्या तीन साध्या गोष्टी शहराने फुकट द्यायला हव्यात, बसायला बाक, स्वच्छ संडास आणि सुरक्षित उजेड, त्या तो तिकीट लावून विकतो.

मग टपरीवाला बाक का ठेवत नाही? कारण त्याची टपरीच अधांतरी असते. पथविक्रेत्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ साली आला. मुंबईत त्याखालच्या नगर पथविक्रेता समितीच्या निवडणुकीला २०२४ उजाडावं लागलं. महापालिकेची गाडी आली की ज्याला शेगडी उचलून पळायचंय, तो बाक कशाला मांडेल? म्हणून या शहरात बसण्याचा हक्क फक्त भाडं भरणाऱ्या दुकानात उरलाय, आणि भाडं तुमच्या कपात मोजलं जातं. माझ्या मैत्रिणीचा आक्षेप माझा वाद खोडत नाही. तो वाद कुठे न्यायचा ते दाखवतो: महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात. शीव किल्ल्याच्या पायथ्याच्या बागेबाहेर, स्टेशनच्या दोन्ही बाजूंना, हॉस्पिटलसमोर बाक, उजेड आणि संडास मागणं, हे मला कोणत्याही कॅफे-यादीपेक्षा जास्त रुचीचं काम वाटतं.

शेवटचा आक्षेप डावीकडून येतो. ‘म्हणजे तुम्ही इंजिनिअर लोक आता धारावीत गरिबी चाखायला जाणार?’ भीती रास्त आहे. धारावीत परदेशी पाहुण्यांना पैसे घेऊन फिरवण्याचा धंदा चालतोच, आणि त्यात भर घालणारे रील मी रोज बघतो. यावर माझ्याकडे एकच कसोटी आहे: तुम्ही दुसऱ्यांदा गेलात का? पहिल्यांदा जाणारा पाहुणा असतो, कुतूहलाने जातो, फोटो काढतो. दुसऱ्यांदा जाणाऱ्याला दुकानदार ओळखतो. तिसऱ्यांदा गेल्यावर ‘गेल्या आठवड्यात दिसला नाहीत’ असं ऐकू येतं, आणि चवथ्यांदा तुम्हाला त्याच्या घराचा प्रश्न कळतो. फोन खिशातच राहू द्या. चव लक्षात ठेवायला जीभ पुरते.

आणि त्याच्या घराचा प्रश्न कळणं आत्ता गरजेचं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये धारावीच्या पुनर्विकासाची निविदा अदानी समूहाला मिळाली. कोण पात्र, कोण अपात्र, कोणाला धारावीतच ३५० चौरस फुटांचं घर, कोणाला मुलुंड-देवनारसारख्या लांबच्या जागा, कोणाच्या भट्टीला आणि शिवणयंत्राला जागाच नाही, यावर तिथे रोज वाद चालतात. माझ्या सोसायटीच्या ग्रुपवर मात्र यावर एकच वाक्य फिरतं: ‘चला, सगळं क्लीन होईल.’ हे लिहिणारी माणसं वाईट नाहीत. त्यांच्या आई हॉस्पिटलात असताना त्याच गल्लीतल्या आयाबाईने रात्री जागून काढल्या असतील. पण त्यांच्या नकाशात तिथे दुकानदार नाही, त्याचं बिल नाही, गुलाबपाण्याचा शब्द नाही. रेटिंग नसलेली मोकळी जागा आहे, आणि मोकळ्या जागेवर काहीही बांधलं तरी चालतं. गुरू तेगबहादूर नगरच्या निर्वासितांच्या जुन्या इमारतीही पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत. ‘मीठ की साखर’ विचारणारे म्हातारे आणखी किती वर्षं तिथे बसतील, मला माहीत नाही.

मी असं म्हणत नाही की चहा प्यायल्याने कोणाचं घर वाचतं. पुनर्वसनाचे नियम कोर्टात आणि मंत्रालयात ठरतात. पण तिथे ते ठरताना बाहेर जो आवाज असतो, किंवा नसतो, तो आपला. ज्याच्या हातचं आपण प्यायलोय, त्याला ‘क्लीन’ करण्याची भाषा जिभेवर सहज येत नाही. इतकीच माझी अपेक्षा आहे, आणि ती फार नाही.

दसऱ्याला आपले लोक गावाची शीव ओलांडून जायचे. सीमोल्लंघन. आता आपण आपट्याची पानं दारातल्या टोपलीतून विकत घेतो आणि व्हॉट्सॲपवर सोन्याचं चित्र पाठवतो. तुमच्या गावाला शीव नाव नसेल, पण शीव तुमच्याकडेही आहे. ठाण्यात, नाशकात, कोल्हापुरात, पुण्यात कुठेही असाल, घराच्या दारात उभे राहा आणि ज्या दिशेला कधीच वळत नाही ती दिशा शोधा. ‘तिकडे काय आहे?’ या प्रश्नावर ‘काही नाही’ हे उत्तर आलं, तर तीच ती दिशा. या शनिवारी तिकडे पंधरा मिनिटं चाला. जिथे चहा उकळताना दिसेल तिथे थांबा आणि एक कटिंग मागा. सुटे दहा रुपये खिशात ठेवा, तिथे यूपीआय चालेलच असं नाही.

आणि पुढच्या शनिवारी परत जा.